खेळ फुकट झाला तेव्हा

विनिता मोंडकरला कुणी विचारलं, की बाई तुम्ही काम काय करता, तर ती नुसतं 'ऑफिसात असते' म्हणायची. खरं काम समजावून सांगायला बसलं तर समोरच्याचा चहा गार व्हायचा. शिवाय तिच्या नवऱ्याला ते आवडायचं नाही. सुधाकर फोर्टातल्या एका विमा कंपनीत होता, सरळमार्गी, चारचौघांत अवघडणारा माणूस. नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या सोसायटीत तो 'मिसेस कंप्युटर कंपनीत आहेत' एवढं सांगून पाण्याच्या टँकरवर बोलायला लागायचा. पस्तिशीची, एका शाळकरी मुलीची आई असलेली आपली बायको दिवसभर एका खेळात पांढरा झगा घालून हिंडते, हे त्याच्या तोंडून निघणं कठीणच होतं.

त्याआधी विनिता पेजर कंपनीत होती. नव्वदच्या दशकात पेजरचं पेव फुटलं तेव्हा अंधेरीला तिला ती नोकरी मिळाली. लोक फोन करून निरोप सांगायचे, आणि ही तो टाइप करून ज्याच्या कमरेला पेजर लावलेला असेल त्याला पाठवायची. 'दूध आण' पासून 'बाबा गेले, लगेच नीघ' पर्यंत सगळं तिच्या बोटांखालून जायचं. रडत रडत पाच मिनिटं सांगितलेलं दोन ओळींत बसवायला ती तिथं शिकली. पण मोबाईल स्वस्त झाले, लोकांनी पेजर कपाटात टाकले, आणि कंपनीनं एका शुक्रवारी सगळ्या बायकांना बोलावून पेढ्याचा एकेक पुडा आणि महिन्याचा पगार हातावर ठेवला. पेढे कशाचे, हे कुणी विचारलं नाही.

मग तीन वर्षं घरात गेली. विनिताला घरात बसणं जमायचं नाही असं नाही, पण दुपारी दोनच्या सुमारास तिला वाटायचं की आपलं कुणाला काहीच काम नाही. शेजारणी बोलायच्या त्या दळणाबद्दल आणि केबलच्या भाड्याबद्दल. दोन ओळींत सांगण्यासारखंही त्यात काही नसायचं.

दोन हजार चार साली तिनं एक जाहिरात पाहिली. मराठी, हिंदी, इंग्रजी भराभर टाइप करणारे हवेत. पत्ता वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला. खालच्या गाळ्यात प्लास्टिकची बक्कलं बनायची, त्या वितळलेल्या प्लास्टिकचा वास जिन्यावर साचलेला असायचा, आणि वरच्या गाळ्यात एसी लावून आठ कंप्युटर मांडलेले. मुलाखत घेणारा कौस्तुभ तिच्याहून दहा वर्षांनी लहान होता. त्यानं विचारलं, गेम खेळलाय का कधी? ती म्हणाली, पत्ते. तो हसला. पण तिचं टाइपिंग पाहून हसायचा थांबला. त्यानं तिला भांडणाच्या तक्रारीचं एक पानभर पत्र वाचायला दिलं आणि उत्तर लिहायला सांगितलं. तिनं तीन ओळींत लिहिलं. पुढच्या सोमवारपासून या, म्हणाला.

खेळाचं नाव होतं अग्निद्वीप. बाहेरच्या देशातला, इथल्या कंपनीनं आणून इथल्या नावानं चालवलेला. एक मोठं बेट, त्यात डोंगर, गुहा, राक्षस आणि एक किल्ला. देशभरातले हजारो लोक आपापल्या घरातून नाहीतर सायबर कॅफेतून एकाच वेळी त्या बेटावर यायचे. प्रत्येकाचं एक सोंग, एक नाव. राक्षस मारायचे, हत्यारं मिळवायची, टोळ्या करायच्या, आणि दर रविवारी दुपारी किल्ल्यासाठी लढायचं. जी टोळी जिंकेल तिचं निशाण आठवडाभर वर.

विनिताचं काम म्हणजे त्या बेटावरची चौकीदारी. कुणी लबाडी करतंय का बघायचं, दोघांचं भांडण मिटवायचं, कुणी खडकात अडकला तर सोडवायचा. कंपनीच्या माणसाला गेम मास्टर म्हणायचे, आणि पांढरा झगा फक्त त्यालाच. नावं कंपनीनं ठरवलेली. तिच्या वाट्याला 'वज्र' आलं. त्यामुळे झाडून सगळे तिला पुरुष समजायचे. वज्र सर, वज्र भाई, वज्र पाजी. सुरुवातीला तिला गंमत वाटली, पुढे ते अंगवळणी पडलं. घरी भाजी चिरताना आर्यानं 'आई' म्हणून हाक मारली तरी कधीकधी एक क्षण तिला आपण कोण ते आठवावं लागायचं.

त्या काळात खेळायला महिन्याचं कार्ड लागायचं. सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात मिळायचं. वरची चांदी नाण्यानं खरवडायची, खालचा आकडा टाकायचा, की महिनाभर बेट उघडं. कार्ड संपलं की दार बंद, मग तुम्ही कुणीही असा. पण एकदा आत आलं की पैशाचा विषय संपला. बापाची गाडी असलेल्या पोराची तलवार आणि कॅफेच्या कोपऱ्यात एका खुर्चीवर दोघं बसून खेळणाऱ्यांची तलवार सारखीच. ज्यानं जास्त वेळ घासली त्याची धारदार.

हे सगळं फार चांगलं होतं असं विनिता कधी म्हणाली नाही. महिनाअखेरीला लोक निरोप घ्यायचे, ते तिला बघवायचं नाही. जूचंद्रची एक कॉलेजातली मुलगी होती, ती तर दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात जमलं तर' असं लिहून जायची, आणि एका महिन्यानंतर आलीच नाही. तरी जे राहायचे ते नीट राहायचे. एकमेकांना ओळखायचे. बोलण्यात उद्धटपणा केला तर उद्या तोंड दाखवायचंय, ही जाणीव त्यांना असायची. वसई-नालासोपाऱ्याचे तर इतके होते, की भारनियमनाची वेळ झाली की ते लढता लढता एकदम नाहीसे व्हायचे, आणि बाकीचे हिंदीत लिहायचे, वसईची लाईट गेली, थांबा दोन तास. आणि खरंच थांबायचे.

त्या वसईकरांचा म्होरक्या होता दर्या. त्याच्या टोळीचं नाव किल्लाबंदर. पहिल्यांदा त्याची आणि विनिताची गाठ पडली ती एका भांडणात. त्याच्या टोळीतल्या एका पोरानं दुसऱ्याचं चिलखत लांबवलं होतं. दर्यानं स्वतःच वज्रला बोलावलं, पोराला परत द्यायला लावलं, आणि वर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, सर, माफी असावी, पोर माझं आहे. विनितानं तशाच अक्षरांत मराठीत उत्तर दिलं, पोर गुणी आहे, फक्त हात आवरायला शिकवा.  दर्यानं लिहिलं, अरे, तुम्ही आपले! त्या दिवसापासून वज्र सरचा वज्रभाऊ झाला.

दर्या म्हणजे नालासोपाऱ्याजवळच्या गास गावचा थॉमस तुस्कानो. हे त्यानंच हळूहळू सांगितलं. जहाजावर इंजिनखान्यात होता. तिथं लोखंडी शिडीवरून पडला आणि कमरेचा सांधा गेला. पहिलं ऑपरेशन परदेशातल्या बंदरावर कसंबसं झालं, ते बिघडलं. दुसरं व्हायचं होतं, त्याची वेळ डॉक्टर पुढं ढकलत होते. जहाज कंपनीनं भरपाई दिली होती, ती त्यासाठी बँकेत ठेवलेली. बायको अँजेलिना नर्स. ती ड्यूटीवर गेली की घरात हा आणि खिडकीबाहेर केळी. वाडीत उतरता येत नव्हतं, चर्चमध्ये बाकावर बसता येत नव्हतं. बेटावर मात्र तो धावायचा. नवीन आलेल्याला हाताशी धरून गुहेत न्यायचा, आपल्या वाट्याचं त्याला द्यायचा. कुणाचं कार्ड संपलं तर टोळीकडून वर्गणी काढून आणून द्यायचा. दोन वर्षं किल्ल्यावर त्याचंच निशाण होतं, आणि दुसऱ्या टोळीचे लोकसुद्धा त्याला काका म्हणायचे. तो एकतीस वर्षांचा होता.

विनिता स्वतःबद्दल काही सांगायची नाही, नियमच तसा होता. पण रविवारी किल्ल्याची लढाई आटोपली की वज्र आणि दर्या तटावर उभे राहायचे आणि बोलायचे. तो विहिरीला आलेल्या खाऱ्या पाण्याबद्दल सांगायचा, आईनं करून ठेवलेल्या वाळवणाबद्दल, रात्री ठणकणाऱ्या पायाबद्दल. ती एखादं वाक्य लिहायची. ते त्याला पुरायचं. आणि खरं तर तिलाही.

दोन हजार सहाच्या दिवाळीत कौस्तुभनं सगळ्यांना बोलावलं. कार्ड बंद. अग्निद्वीप आजपासून फुकट. परदेशात आता सगळीकडे असंच चाललंय, कार्डामुळे लोक दारातूनच मागं फिरतात, असं तो म्हणाला. मग पगार कुठून येणार, असं कुणीतरी विचारलं. त्यानं सांगितलं, आत दुकान असेल. ज्याला घ्यायचंय तो घेईल, ज्याला नको तो फुकट खेळेल. जबरदस्ती कुणावर नाही.

पहिले पंधरा दिवस तर सणच होता. सोडून गेलेले सगळे परत आले. जूचंद्रची मुलगीसुद्धा आली, आणि तिनं वज्रसमोर येऊन उड्या मारल्या. विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, झालं ते बरंच झालं.

मग गर्दी वाढली. इतकी, की कुणी कुणाला ओळखेना. आज शिव्या देऊन हाकललेला माणूस उद्या नव्या नावानं परत यायचा. त्याचं जातंय काय, दार तर उघडंच. आणि दुकान. आधी त्यात टोप्या आणि रंगीत घोडे होते. मग आले मणी. खेळात तलवार पायरी पायरीनं चढवायची असते, आणि वरच्या पायऱ्यांवर ती मोडण्याची भीती असते. मोडली की वर्षभराची मेहनत गेली. रक्षामणी विकत घेतला तर मोडत नाही, फक्त चढत नाही. मग पुन्हा मणी, पुन्हा प्रयत्न.

महिन्याभरात किल्ला गेला. ज्या टोळीनं घेतला ती तीन आठवड्यांपूर्वी जन्मलेली होती. तिचा म्होरक्या उत्तरेकडच्या कुणा व्यापाऱ्याचा मुलगा, आणि त्याची तलवार नवव्या पायरीवर. दर्यानं दोन वर्षं घासून सातवी गाठली होती. दोन घावांत तो पडला. उठला, पुन्हा पडला. ते पोर सगळ्यांना दिसेल असं लिहीत होतं, काका, घरी जा. लोक हसत होते. हसणाऱ्यांतले निम्मे असे होते, की त्यांनी दर्याला कधी पाहिलंच नव्हतं.

त्या रविवारी तटावर बोलणं झालं नाही. पुढच्या रविवारी दर्या आला तेव्हा त्याची तलवार आठवीवर होती.

याच सुमाराला विनिताचं काम बदललं. तक्रारींसाठी दोन नवी मुलं घेतली, आणि तिला कौस्तुभनं खास खेळाडूंवर घातलं. खास म्हणजे दुकानात पैसे टाकणारे. त्यांच्याशी बोलत राहायचं, ते दोन-चार दिवस आले नाहीत तर विचारपूस करायची, मणी स्वस्त व्हायचे असले की आधी त्यांच्या कानावर घालायचं. कौस्तुभ वाईट माणूस नव्हता. तो तिला मॅडम म्हणायचा, तिच्या मुलीच्या शाळेची चौकशी करायचा. त्यानं सरळ सांगितलं, शंभरातले पंच्याण्णव जण एक पैसा देत नाहीत मॅडम, ऑफिस चालतं ते उरलेल्या पाचांवर. आणि तो दर्या तुमचं ऐकतो. बाकी कुणाचं ऐकत नाही.

विनितानं ते काम घेतलं. घरी अडचण होती म्हणून नव्हे; सुधाकरच्या पगारात घर चालत होतं, आणि तो तर तिनं सोडलं असतं तर खूषच झाला असता. तिला ते बेट सोडवत नव्हतं. वज्र म्हणून हजारो लोकांत चालताना वाटा आपोआप मोकळ्या व्हायच्या, तसं तुळिंजच्या बाजारात तिच्यासाठी कुणी सरकत नसे.

सुरुवातीला ती जपून लिहायची. भाऊ, शनिवारी मणी निम्म्या किमतीत आहेत, कळवून ठेवतो. दर्या हसण्याची खूण पाठवायचा. एकदा तिच्या मनानं घेतलं आणि तिनं लिहिलं, भाऊ, घरच्या पैशाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी कौस्तुभनं तिला केबिनमध्ये बोलावलं. बोलणी वर वाचली जातात, हे तिला तेव्हा कळलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, की असं पुन्हा झालं तर ते मला आवरता येणार नाही. ते वाक्य दर्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आधीच पुसलं गेलं होतं. मग तिनं पुन्हा तसं काही लिहिलं नाही.

दर्या नवव्या पायरीवर पोचला आणि तिथं अडकला. व्यापाऱ्याचा मुलगा आता दहावीवर होता, तो कसा पोचला हे देव जाणे. विनितानं कौस्तुभला विचारलं, तर त्यानं खांदे उडवले. नवव्यानंतर तलवार चढण्याच्या शक्यतेचा आकडा वरच्यांनी खाली आणला होता, आता हजारात एखादी तलवार चढली तर चढेल, असं त्यानं सांगितलं. हे खेळाडूंना कुठं लिहिलंय का, तिनं विचारलं. कुठंच नाही, तो म्हणाला.

त्याच आठवड्यात दर्यानं तिला विचारलं. सरळच.

"वज्रभाऊ, तुम्ही आतले आहात. बाकी कुनाला विचारत नाही. ही तलवार दहावीवर जाते का? तुम्ही नाही म्हटलंत तर मी आज सोडतो."

विनितानं ती ओळ पुन्हा वाचली. शेजारच्या टेबलावर पोरं वडापाव खात होती. बोलणी वर वाचली जातात हे डोक्यात होतंच. पण त्याहून खोल एक गोष्ट होती, जी तिनं पुढं फक्त एकदाच, सुधाकरजवळ कबूल केली. त्यानं सोडलं असतं तर रविवारी तटावर बोलायला कुणी उरलं नसतं.

तिनं लिहिलं, "जाते. नशीब लागतं."

खोटं त्यात काही नव्हतं. हजारात एक म्हणजे जातेच.

अँजेलिना गाळ्यात आली ती पुढच्या फेब्रुवारीत, दुपारी, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांवर स्वेटर घालून. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. ती पैसे काढायला बँकेत गेली, तर खात्यात तळाशी चिल्लर उरली होती. थॉमसनं नाकारलं नाही. कंप्युटरकडे बोट दाखवलं. त्यानंच कधीतरी सांगितलेल्या पत्त्यावरून ती इथवर आली होती. कौस्तुभ तिच्याशी नम्रपणे बोलला. घेतलेल्या वस्तू परत होत नाहीत, हे प्रत्येकानं खेळायच्या आधी मान्य केलेलं असतं, असं त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला त्या वज्रला भेटायचंय. कौस्तुभनं विनिताकडे पाहिलं. मॅडम, तुम्ही जरा यांच्याशी बोला, म्हणून तो आत गेला.

विनितानं तिला पाणी दिलं. अँजेलिनानं ग्लास हातात धरून ठेवला.

"कोन आहे तो? घरात सारखं त्याचंच नाव असतं. वज्रभाऊ असं म्हनाला, वज्रभाऊ तसं म्हनाला. मला वाटलं, त्यानं तरी सांगितलं असेल याला."

विनिता म्हणाली, की वज्र असं कुणी एक माणूस नसतं. ते कंपनीचं नाव आहे. पाळीप्रमाणे जो बसेल तो ते नाव घेतो.

 अँजेलिना ग्लास तसाच खाली ठेवून उठली. जिन्यावर ती एकदा थांबल्याचं विनिताला ऐकू आलं, आणि मग पावलं खाली गेली.

पुढच्या रविवारी विनितानं सुटी घेतली. नालासोपारा पश्चिमेहून गासला जाणाऱ्या रिक्षात बसली आणि चर्चपलीकडे तुस्कानोंचं घर विचारत गेली. चर्चमध्ये मिस्साची, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेची, वेळ होती, अँजेलिना घरी नव्हती. थॉमस ओटीवर पाय पसरून खुर्चीत बसला होता. बेटावरचा दर्या उंच, काटक होता. हा माणूस फुगलेला, पांढुरका, दाढी वाढलेला. त्यानं तिला कुणी विम्यावाली समजून आत यायला सांगितलं, पानी देऊ का म्हणून विचारलं आणि मग उठता येत नाही हे आठवून ओशाळला.

विनिता उभ्याउभ्याच म्हणाली, "वज्र मी आहे."

त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो हसला, अगदी आनंदानं, आणि म्हणाला, बाई? इतकी वर्षं मी तुम्हाला भाऊ म्हनतोय. तिला वाटलं, इथंच निघून जावं. पण तिनं सांगितलं. आकडा खाली आणला होता ते, तिला ते ठाऊक होतं ते, आणि तरी तिनं जाते म्हणून लिहिलं ते. पगार त्यासाठीच मिळत होता हेही सांगितलं.

थॉमसचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि मागून डोळे बदलत गेले. वाडीत कुणीतरी मोटर चालू केली होती, तिचा आवाज येत होता.

"रविवारी तटावर बोलायचात," तो म्हणाला, "तेही पगाराचंच?"

"नाही," विनिता म्हणाली. "ते नाही."

त्यानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. पैशांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, की मिस्सा सुटायची वेळ झाली, अँजेलिना येईल, तुम्ही जा.

सोमवारी विनिता कामावर गेली. तिनं कौस्तुभला त्या पैशांसाठी वर लिहायला लावलं, त्यानं लिहिलंही, आणि वरून नकार आला. राजीनामा तिनं दिला नाही. दर्या बेटावर पुन्हा आला नाही. किल्लाबंदर टोळी दोन महिन्यांत विखुरली. जूचंद्रच्या मुलीनं एकदा विचारलं, काका कुठं गेले? वज्र तिथून पुढं चालता झाला.

दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर अग्निद्वीपच बंद झालं. खास खेळाडू एकेक करून थकले, आणि फुकट खेळणाऱ्यांवर काही ऑफिस चालत नव्हतं. शेवटची सूचना विनितानंच लिहिली, तीन ओळींची. विकत घेतलेलं सगळं त्या दुपारी गेलं: मणी, घोडे, व्यापाऱ्याच्या मुलाची दहावी पायरी. ती संध्याकाळी घरी आली आणि सुधाकरला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. तो म्हणाला, तू 'जाते' म्हटलं नसतंस तर दुसऱ्या कुणी म्हटलं असतं. तिला तो धीर नको होता, पण त्याच्याकडे दुसरा नव्हता.

अँजेलिना तिला पुन्हा दिसली ती पुढच्या वर्षी, नालासोपारा पश्चिमेच्या बाजारात, काळ्या साडीत. विनिता वळून जाणार होती, पण अँजेलिनानंच ओळखलं. तुम्ही ना त्या ऑफिसातल्या, म्हणाली. तिनं सांगितलं ते थोडक्यात. ऑपरेशनच्या पैशांसाठी ती कुवेतला गेली होती, एका हॉस्पिटलात. पैसे जमत आले होते. थॉमस बसून बसून जड झाला, पायात रक्ताची गाठ झाली, ती छातीत गेली. तिला दफनाला पोचता आलं नाही. आता तो गेल्याला महिना झाला म्हणून ठेवलेल्या मिस्साला आली होती.

 अँजेलिनाच पुढं म्हणाली, "तो वज्र कुठं भेटला तर त्याला सांगा, मी त्याला उगाच बोल लावला. थॉमसनं मला सांगितलं नंतर. वज्रनं त्याला खूपदा बजावलं होतं, बस कर म्हनून. यानंच ऐकलं नाही."

विनितानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. गप्प राहिलं असतं तर तिथंच संपलं असतं, आणि वज्र चांगला माणूस म्हणून राहिला असता. थॉमसनं तेवढं तिच्यासाठी करून ठेवलं होतं, की स्वतःसाठी, की बायकोसाठी, ते आता कुणाला विचारणार.

ती म्हणाली, "वज्र मीच होते. आणि मी त्याला थांब म्हटलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, तरी नाही."

 माणसं दोघींना धक्के देत पुढं जात होती. अँजेलिना हळू आवाजात म्हणाली,

"हे मला आज कशाला सांगितलंत? त्याला थांबवणारं कुणीतरी होतं, एवढं तरी मी धरून होते."

 अँजेलिना भाजीवाल्याकडे वळली, मेथीची जुडी उचलली, परत ठेवली आणि गर्दीतून चर्चकडे जाणाऱ्या रिक्षांच्या दिशेनं निघून गेली.

विनिता नंतर विरारला एका शाळेच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. काम सोपं होतं, कुणाशी फारसं बोलावं लागत नव्हतं. रविवारी ती घरीच असायची. दुपारी सुधाकर झोपला की ती काहीतरी निवडत बसायची, तांदूळ नाहीतर भाजी, आणि आर्यानं मागून दोनदा हाक मारल्याशिवाय तिला ऐकू जायचं नाही.